भुवयांसाठी चिमटा निवडताना

लग्नाचे आमंत्रण दोन दिवसांवर आलेले असते, पार्लरमध्ये वेळ मिळत नाही आणि आरशात पाहिले की भुवयांखाली उगवलेले चार-सहा केस नेमके नजरेत भरतात. मग खणातला जुना चिमटा, म्हणजेच प्लकर, बाहेर निघतो. केस निघण्याऐवजी तुटतो आणि काही दिवसांनी तिथे लाल पुळी येते. दोष हाताला दिला जातो, पण पुष्कळदा तो चिमट्याचा असतो.

केस त्वचेतल्या एका बारीक पिशवीत रुजलेला असतो. पकड घट्ट बसली आणि तो वाढीच्या दिशेने ओढला, तर मुळासकट निघतो. चिमट्याची टोके नीट जुळत नसतील, तर तो निसटतो किंवा त्वचेच्या पातळीखाली तुटतो. असा तुटलेला केस पुन्हा वाढताना कधी कधी आतल्या आत वळतो. मग सूज येते, पू होतो आणि नंतर काळा डाग राहतो. सावळ्या त्वचेवर असे डाग जास्त दिवस टिकतात.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे चिमटे मिळतात. तिरक्या टोकाचा चिमटा घरगुती वापराला सर्वांत सोयीचा. त्याची कड केसाला धरते आणि त्वचेला टोचत नाही. सुईसारख्या टोकाच्या चिमट्याने अगदी आखूड केसही पकडता येतो, पण हात हलला तर जखम होते, म्हणून नवख्यांनी तो टाळावा. सपाट, रुंद टोकाचा चिमटा जाड केसांना चालतो. मात्र एका केसासोबत शेजारचे दोनही येतात.

विकत घेताना चिमटा मिटून उजेडासमोर धरावा. टोकांमधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. जोर देऊन दाबल्यावर टोके एकमेकांवरून सरकू नयेत. शक्य असल्यास हाताच्या पाठीवरची बारीक लव धरून पाहावी. ती पकडता आली तर चिमटा चांगला. तो फार ताठ असेल तर बोटे दुखतात. स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. नकली दागिन्यांनी खाज सुटणाऱ्यांना बहुधा निकेलची ॲलर्जी असते. त्यांनी निकेलचा मुलामा दिलेले स्वस्त चिमटे घेऊ नयेत.

केस काढण्याची उत्तम वेळ अंघोळीनंतरची, कारण तेव्हा त्वचा मऊ असते. हात धुऊन, चिमट्याची टोके स्पिरिटने पुसून कोरडी करावीत. एका हाताने त्वचा ताणून धरावी, केस मुळाजवळ पकडावा आणि एका वेळी एकच काढावा. नंतर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा ठेवावा. चिमटा ज्याचा त्याचा वेगळा असावा आणि टोकांवर टोपण घालून ठेवावा. एकदा फरशीवर पडून टोके वाकली की त्याचा उपयोग संपतो.

पुळी आली तर ती फोडू नये. भुवया आणि नाकाच्या परिसरातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असतात, त्यामुळे इथला संसर्ग क्वचित आत पसरू शकतो. सूज पापणीपर्यंत आली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी आणि मुरुमांसाठी रेटिनॉइड मलम लावणाऱ्यांनी आधीच सल्ला घ्यावा.

उपटल्याने केस दाट येतात, हा गैरसमज आहे. उलट तीच जागा वर्षानुवर्षे उपटत राहिल्यास मुळे दुखावतात आणि केस कायमचे विरळ होऊ शकतात. उपटलेली भुवई पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. भुवयांची बाहेरची टोके न उपटताही विरळ होत असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. म्हणून मोठे करून दाखवणारा आरसा दूर ठेवावा, दर दोन-चार केसांनंतर हातभर अंतरावरून चेहरा पाहावा आणि शंका आली तर तो केस राहू द्यावा.