हवेच्या ब्रेकसाठी रिकॉल आला, तर काय करावे?

विकलेल्या गाड्यांत मुळातच दोष सापडला, की कंपनी त्या परत बोलावून दोष फुकट दुरुस्त करून देते. यालाच रिकॉल म्हणतात. कंपनी गाडी काढून घेईल किंवा खर्च अंगावर पडेल, या भीतीने काही मालक आलेले पत्र बाजूला ठेवतात. ब्रेकच्या बाबतीत तरी आपण तसे करू नये.

आधी ब्रेक समजून घेऊ. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पेडल दाबले की हवा फूट व्हॉल्व्हमार्गे चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते, तिथला रबरी डायफ्रॅम ढकलते आणि लायनर ड्रमला घासून चाक थांबते. लांब गाडीत मागच्या चाकांना उशीर होऊ नये म्हणून वाटेत रिले व्हॉल्व्ह असतो.

पार्किंगसाठीच्या स्प्रिंग ब्रेकचे गणित उलटे असते. हवा असेपर्यंत स्प्रिंग दबलेली राहते. हवा गेली की ती सुटते आणि चाक जखडते. त्यामुळे गळणारा व्हॉल्व्ह दोन्हीकडून घात करू शकतो: कधी ब्रेक कमी लागतो, तर कधी भररस्त्यात आपोआप लागतो.

भारतात रिकॉलला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आधार दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यातली एक तरतूद फार मोलाची आहे. दोष सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेल्या सगळ्या गाड्या, मॉडेल कोणतेही असो, परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. ब्रेकच्या भागांचा एकच पुरवठादार अनेक मॉडेलांना माल देतो, म्हणून हे गरजेचेच होते.

रिकॉलची बातमी कानावर आली की आरसी बुकातला चासी नंबर काढा. तो १७ अक्षरी असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. ओसारखे दिसते ते शून्यच समजा. हा नंबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवा. ट्रेलरचा चासी नंबर वेगळा असतो, तोही विचारा.

सर्वाधिक गाड्या सुटतात त्या जुन्या बाजारातल्या. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते आणि नव्या मालकाला पत्ताच नसतो. गाडी दुसऱ्या हातची असेल, तर पत्राची वाट न पाहता स्वतः चौकशी करा.

वर्कशॉपला जाण्याआधी भाग आला आहे का, हे फोन करून विचारा. तोवर गाडी चालवावी की उभी ठेवावी, हेही स्पष्ट विचारा. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलची नोंद घ्या. नुसती तपासणी झाली की भाग बदलला, हे त्यावरूनच कळते.

स्प्रिंग चेंबर मात्र रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून कधीही उघडून घेऊ नका. आतली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. ती उसळली तर जीव जातो.

रिकॉल जाहीर नसतानाही ब्रेकमध्ये तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, तर केंद्राच्या वाहन पोर्टलवरील रिकॉल विभागात तक्रार नोंदवा. मालकांच्या तक्रारी साचल्या, तर सरकारला चौकशी लावता येते. तेव्हा आपली तक्रार घरात ठेवू नका.