ज्वारीचे माल्ट आणि तीन-चार अंशांचा हिशेब

ज्वारीचे पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, की भाकरीसाठी आधण ठेवावे लागते, हे सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि भाकरी तुटत नाही. धान्यापासून बिअर किंवा माल्टचे पेय तयार करताना पहिल्या पायरीवर हेच तत्त्व लागू पडते. मात्र तेथे स्टार्च नुसता फुगवून भागत नाही. त्याची साखर व्हावी लागते. हे काम तापमानाच्या अगदी अरुंद पट्ट्यातच होते. या पायरीला ‘मॅश’ म्हणतात.

परदेशात ही पायरी घरच्या घरी उरकण्यासाठी विजेवर चालणारी ‘ऑल-इन-वन’ यंत्रे मिळतात. न्यूझीलंडचे ‘ग्रेनफादर’ आणि जर्मनीतील स्पायडेल कंपनीचे ‘ब्राउमाइस्टर’ ही त्यांतील परिचित नावे. स्टीलचे उभे भांडे, तळाशी हीटर, तापमापक, आत दळलेल्या माल्टसाठी जाळीचे भांडे आणि अर्क सतत फिरवत ठेवणारा पंप, अशी त्यांची साधारण रचना असते. ही यंत्रे बार्ली डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत. माण नदीच्या खोऱ्यातील सांगोला आणि शेजारचे मंगळवेढा हा मात्र रब्बी ज्वारीचा मुलूख आहे. येथील ज्वारीचे माल्ट अशा यंत्रात घातले तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर तापमानात दडलेले आहे.

दोन विकरे, दोन तापमाने

धान्याला मोड आले, की त्यात विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, तयार होतात. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज साखरेचे तुकडे तोडते. त्याला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि सत्तरीच्या पुढे ते काही मिनिटांत निकामी होते. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कोठेही तोडते आणि सत्तर अंशांच्या आसपास जोमाने काम करते. म्हणून ६३ अंशांवर काढलेला अर्क यीस्टला सहज पचणारा होतो, तर ६९ अंशांवरचा अर्क दाट आणि भरीव राहतो. पाच-सहा अंशांच्या फरकाने एकाच धान्याचे दोन वेगळे पदार्थ होतात.

बार्लीचे सुदैव असे, की तिचा स्टार्चही ६० ते ६५ अंशांच्या सुमारास फुगतो. स्टार्च मोकळा होण्याची आणि विकरे जोमात असण्याची वेळ एकच असते. त्यामुळे ६६ अंशांवर यंत्र लावून तासभर थांबले, की काम होते.

पडद्यावरचा आकडा

यंत्राच्या पडद्यावर ६६ दिसले म्हणजे धान्यही ६६ अंशांवर आहे, असे समजणे धोक्याचे. तापमापक बहुधा तळाशी, हीटरजवळ असतो. पंप बंद असेल किंवा धान्याचा थर घट्ट बसला असेल, तर तळाचा अर्क गरम आणि वरचे धान्य काही अंशांनी थंड, अशी स्थिती होते. पंप जोरात चालवला, तर थर अधिकच दाबला जातो. म्हणून प्रवाह मध्यम ठेवणे, वरून झाकण घालणे, भांड्याला उष्णतारोधक वेष्टण देणे आणि वेगळ्या तापमापकाने थराच्या मध्यभागी मोजणे, हे चार उपाय कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

आधणाचा हिशेबही हवामानावर अवलंबून असतो. वीस लिटर पाण्यात पाच किलो दळलेले माल्ट घालून ६६ अंश गाठायचे आहेत, असे समजू. धान्याची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे चार दशांश असते. जानेवारीच्या पहाटे धान्य १५ अंशांवर असेल, तर पाणी सुमारे ७१ अंश हवे. मे महिन्यात तेच धान्य ४० अंशांवर असेल, तर साडेअडुसष्ट अंश पुरेत. भांडे शोषून घेते ती उष्णता वेगळी.

विजेचा दाब हा आपल्याकडचा आणखी एक घटक. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २,००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १,२२५ वॅट देतो. पंचवीस लिटर पाणी एक अंशाने तापवायला पहिल्या स्थितीत ५२ सेकंद लागतात, दुसऱ्या स्थितीत ८५. टप्प्याटप्प्याने तापमान चढवायचे असेल, तर हा उशीर विकरांच्या कामात लुडबुड करतो.

ज्वारीचे गणित वेगळे

ज्वारीचा स्टार्च साधारण ६८ ते ७८ अंशांदरम्यान फुगतो. तो मोकळा होईपर्यंत बीटा-अमायलेज निकामी होऊ लागलेले असते. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी असते. तापमान कमी ठेवावे तर स्टार्च बंद, वाढवावे तर विकरे मृत, असा हा पेच आहे. बार्लीसाठीचा ६६ चा आकडा येथे उपयोगाचा नाही.

यावरचा मार्ग अभ्यासकांनी शोधलेला आहे. दळलेले ज्वारीचे माल्ट ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे. विकरे पाण्यात उतरतात. वरचे निवळलेले पाणी काढून बाजूला ठेवायचे. खाली उरलेला दाट भाग उकळायचा, म्हणजे सगळा स्टार्च फुगतो. तो थोडा निवला, की निवळ परत मिसळून मिश्रण ६५ अंशांच्या आसपास आणायचे आणि तेथेच टिकवायचे. ‘ऑल-इन-वन’ यंत्रात एक पथ्य पाळावे लागते : दाट भाग यंत्रात उकळू नये. ज्वारीचे पीठ तळाशी बसते, कण्यांसारखे लागते आणि हीटर जळण्याआधी सुरक्षा कळ वीज तोडते. तो भाग वेगळ्या पातेल्यात, ढवळत शिजवावा. यंत्राचे काम ६५ अंश राखण्यापुरते ठेवावे.

नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील कारखान्यांपुढे हाच पेच उभा राहिला. ते ज्वारी आणि मक्याकडे वळले आणि गरजेनुसार बाहेरून विकरे घालू लागले. मोठ्या प्रमाणावर हे शक्य आहे, याचा तो पुरावा होय.

विष आणि कायदा

कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यामागचे सायनाइड देणारे द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते. माल्ट वाळवल्यावर ते चोळून कोंब आणि मुळ्या पूर्णपणे वेगळ्या कराव्यात. बहुतांश विषारी द्रव्य त्यांच्याबरोबर निघून जाते. यात हयगय चालणार नाही.

दुसरी मर्यादा कायद्याची. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास मुभा दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. स्वतःपुरती केली, ही सबब चालत नाही. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’पासून पुढच्या सर्व मायक्रोब्रुअरी परवान्यावर चालतात.

पण मॅश म्हणजे मद्य नव्हे. यीस्ट घालण्यापूर्वीचा अर्क हे माल्टचे गोड पेय असते. तो लगेच उकळून, थंड करून ताजाच वापरावा लागतो; ठेवला तर आपोआप आंबू लागतो. नायजेरियात ‘माल्टिना’सारखी मद्यविरहित माल्टपेये घरोघरी प्यायली जातात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर ज्वारीच्या लाह्या, रवा आणि बिस्किटे बाजारात स्थिरावू पाहत आहेत. त्या यादीत माल्टपेयाची भर घालायची असेल, तर बार्लीची कृती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कोरडवाहू रानात पिकलेल्या या दाण्याचे स्वतःचे तापमान आहे. यंत्र त्यानुसार लावले, तरच त्यातील गोडवा हाती लागेल.