ओढ्यात गवसलेला स्फटिक

पावसाळा सरला, ओढ्याचे पाणी निवळले की पात्रातील गोट्यांमध्ये एखादा पारदर्शक खडा चमकताना दिसतो. तो हाती येताच मनात पहिला प्रश्न येतो, 'हा हिरा तर नसेल?' सोन्याचा कस लावून घेतल्याशिवाय आपण ते स्वीकारत नाही. मग दगडाच्या बाबतीत केवळ चकाकीवर विश्वास का ठेवावा?

प्रथम परिसराचा विचार करावा. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. लाव्हातील वायूंमुळे त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त पाण्यातून त्यांमध्ये क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटी, कॅल्साइट, अपोफिलाइट, स्टिलबाइट अशा खनिजांचे स्फटिक वाढले. पाषाण झिजला की तेच ओढ्यात येतात. तेव्हा अशा ठिकाणी सापडलेला खडा यांपैकीच एखादा असण्याचा संभव अधिक. प्रवाहात घरंगळून त्याच्या कडा बोथट होतात. म्हणून केवळ आकारावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी कसोटी काठिण्याची. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी मांडली. नखाचे काठिण्य सुमारे २.५, तर काच व पोलादी चाकू यांचे साधारण ५.५ असते. कॅल्साइट (३), स्टिलबाइट (३.५ ते ४) आणि अपोफिलाइट (४.५ ते ५) यांवर चाकूचा ओरखडा उठतो; क्वार्ट्‌झवर (७) उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. दिसलेली रेघ मात्र पुसून पाहावी. पुष्कळदा ती ओरखडा नसून नुसती भुकटी असते. येथेच अनेकांची फसगत होते. 'काच कापतो, म्हणजे हिराच' हा समज चुकीचा आहे, कारण सामान्य गारगोटीही काचेवर ओरखडा काढते.

तिसरी कसोटी फुटण्याची. कॅल्साइट तिरकस पृष्ठांच्या ठोकळ्यांत फुटतो, अपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात, तर क्वार्ट्‌झ शिंपल्यासारखा वक्र फुटतो. कॅल्साइटच्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यास बुडबुडे येतात. त्याच्या स्वच्छ तुकड्यातून पाहिल्यास अक्षरे दुहेरी दिसतात. खड्याच्या आत गोल बुडबुडे असतील, तर ती बाटलीची झिजलेली काच असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. खडा हातोड्याने ठोकून मात्र पाहू नये. हिरा अत्यंत कठीण असला, तरी आघाताने तो दुभंगू शकतो.

चौथी कसोटी विशिष्ट गुरुत्वाची. खडा प्रथम कोरडा तोलावा. मग पाण्याचा पेला इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही, असा धरावा. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, वजन ५३ ग्रॅम व आकडा २० ग्रॅम आला, तर उत्तर २.६५ येईल; हे क्वार्ट्‌झचे गुरुत्व होय. कॅल्साइटचे २.७१, तर हिऱ्याचे सुमारे ३.५२ असते.

कोणतीही एकच कसोटी निर्णायक मानू नये. सर्व उत्तरे एकाच नावाकडे बोट दाखवू लागली, तरच ते नाव स्वीकारावे. शंका उरल्यास भूशास्त्र विभाग वा मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत त्या खड्याच्या भरवशावर कर्ज काढू नये, उसनवारी करू नये, आणि कोणी 'हिरा' म्हणून असा खडा विकू लागल्यास लेखी अहवालावाचून एक रुपयाही देऊ नये. राखीव वनक्षेत्रातून परवानगीविना दगड उचलू नयेत, हेही स्मरणात ठेवावे.

आणि खडा गारगोटीच निघाला तर? निराश होण्याचे कारण नाही. कोट्यवधी वर्षांचा इतिहास आपल्या तळहातावर आहे. त्याला बाजारभाव नसला, तरी मोल निश्चितच आहे.