सिकलसेल आणि नवजात बालक

आम्ही बँकेतले कारकून. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही अक्कलकुव्यात राहून सिकलसेलविषयी गप्प बसणे बरे नाही. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत आणि विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही हा आनुवंशिक आजार आढळतो.

हिमोग्लोबिनच्या जनुकातील दोषामुळे गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यातून रक्तक्षय, हाडांच्या असह्य वेदना व वारंवार जंतुसंसर्ग उद्भवतो.

जन्मतः बाळ सुदृढ दिसते, कारण गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन काही महिने त्याचे रक्षण करते. लक्षणे बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतात. त्याआधीच टाचेतील थेंबभर रक्त तपासून निदान झाले, तर पेनिसिलीन व लसी वेळेवर देऊन अनेक बाळे वाचवता येतात.

दोष आई-वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर मूल केवळ वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता चारांत एक. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे हे अज्ञान होय; बाहेरची बाधा समजून दिवस दवडणे त्याहून घातक.

केंद्र शासनाने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तीत तपासणीनंतर कार्ड देण्याची सोय आहे. विद्यार्थी मित्रहो, लग्नाआधी पत्रिका नव्हे, ही कार्डे जुळवून पाहा.