वनविद्येचा आजन्म विद्यार्थी

बाळपणीं लागलेला छंद बहुधा मिसरूड फुटतांच सुटतो. तोच पुढें आयुष्याचें व्रत होऊन बसला, असा मनुष्य विरळा. कै. मारुती चितमपल्ली हे अशा विरळा पुरुषांपैकीं एक होत. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सोलापुरास झाला. आई व मामा यांच्या सहवासांत त्यांस लहानपणींच रानाची ओढ लागली. पुढें कोइमतूर येथें वनविद्येचें शिक्षण घेऊन ते वनखात्यांत शिरले, आणि १९९० सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे उपसंचालक म्हणून निवृत्त झाले.

त्यांच्या कार्याचा बहर पाहावयाचा तर भंडाऱ्याकडे वळलें पाहिजे. नोकरीच्या निमित्तानें ते नवेगावबांध येथें बरींच वर्षें राहिले. हें गांव तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं जिल्ह्याचें विभाजन झाल्यापासून तें गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. कोहळी लोकांनीं भातशेतीसाठीं बांधलेला येथील विस्तीर्ण तलाव हिंवाळ्यांत पाहुण्या पाखरांनीं गजबजतो. भोंवतालच्या अरण्यास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

अशा ठिकाणीं हा अधिकारी विद्यार्थी झाला. गांवचे माधवराव पाटील डोंगरवार, मासे धरणारे ढीवर, रानांत वावरणारे गोंड, यांजपाशीं बसून त्यांनीं पक्ष्यांचीं, माशांचीं व झाडांचीं नांवें जाणून घेतलीं आणि संस्कृत ग्रंथांशीं तीं ताडून पाहिलीं. जेथें मराठी शब्द नव्हता तेथें त्यांनीं तो घडविला. कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’, हीं नांवें त्यांचींच. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘पक्षिकोश’ इत्यादि ग्रंथांतून तें धन त्यांनीं आपल्या हातीं दिलें. २००६ सालीं सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद व २०२५ सालीं पद्मश्री हे मान त्यांस लाभले. त्याच वर्षीं १८ जून रोजीं सोलापुरास त्यांचें देहावसान झालें.

रानाचें रक्षण म्हणजे सभा, अर्ज व कायदे, असें आपणांस वाटतें. तेंही हवेंच. परंतु ज्याचें नांव ठाऊक नाहीं, तें नाहींसें झालें तरी त्याची उणीव कोणास भासणार? गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतांत सारस पक्षी आज थोडेच उरले आहेत. त्यांस ओळखणारे डोळेही थोडेच.

विद्या आपल्याच घरीं नांदते, असा सुशिक्षित कुटुंबांचा एक गोड समज असतो. शास्त्रें वाचलेला हा मनुष्य मात्र अक्षरशत्रु म्हणविल्या जाणाऱ्यांच्या पंक्तीस शिष्य म्हणून बसला, आणि मराठी भाषा श्रीमंत झाली. येत्या सुटींत मुलांस गांवीं न्याल, तेव्हां तेथील एखाद्या कोळ्यास वा गुराख्यास चार पाखरांचीं नांवें आदरानें विचारावयास त्यांस अवश्य सांगावें. घरच्या वडीलधाऱ्यांनींही तेव्हां शेजारीं बसून ऐकावें, इतकीच आमची विनंती.