एका शब्दाचा माग

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईत दहा जण माणसं मारत सुटले होते आणि फोनवरून त्यांना सूचना देणारे सीमेपलीकडे बसले होते. ते संभाषण आपल्या यंत्रणांनी टिपून ठेवलं. नंतर ते ऐकताना एका आवाजातला एक शब्द कानाला खटकला : ‘प्रशासन’.

पाकिस्तानात त्याला ‘इंतजामिया’ म्हणतात. ‘प्रशासन’ हा शब्द आपल्याकडचा. बीड जिल्ह्यातल्या उमापूर गावच्या माणसालाही तो तहसीलच्या नोटिशीतून, पाणीटंचाईच्या बातमीतून ओळखीचा झालेला. मग बोलणारा इकडचाच तर नसेल?

जिवंत सापडलेल्या अजमल कसाबच्या जबानीतूनही तेच पुढे आलं. हल्लेखोरांना हिंदी शिकवणारा एक भारतीय होता. त्याला अबू जुंदाल म्हणत. पण हे टोपणनाव. खरा माणूस कोण?

धागा मे २००६ पर्यंत मागे गेला. चांदवड-मनमाड रस्त्यावर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने एका टाटा सुमोचा आणि एका इंडिकाचा पाठलाग केला होता. सुमो हाती लागली. त्या प्रकरणात एकूण ४३ किलो आरडीएक्स आणि १६ एके-४७ रायफली मिळाल्या. इंडिका मात्र निसटली. ती चालवत होता जबीउद्दीन अन्सारी. गाव गेवराई, म्हणजे उमापूरचा तालुका. बीडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला पोरगा.

पुढे सौदी अरेबियात एक माणूस पकडला गेला. पासपोर्ट पाकिस्तानी, नाव भलतंच. तो भारतीय आहे हे सिद्ध कसं करायचं? जबीउद्दीनच्या गेवराईतल्या कुटुंबीयांचा डीएनए त्याच्या डीएनएशी जुळला, आणि कागदावरचं नाव रक्तापुढे टिकलं नाही. जून २०१२ मध्ये तो दिल्लीत उतरला आणि त्याला अटक झाली. २०१६ मध्ये शस्त्रसाठ्याच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. मोक्काची कलमं मात्र न्यायालयात टिकली नाहीत. फोनवरचा तो आवाज त्याचाच, हा तपास यंत्रणांचा आरोप. तो खटला वेगळा.

असा माणूस घडतो कसा? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये १७२ जिहादींच्या आयुष्याचा अभ्यास मांडला. त्यात वेडसरपणा फारसा आढळला नाही. आढळली ती मैत्री आणि नातीगोती. बहुतेक जण ओळखीपाळखीतून आत ओढले गेले होते. विचार कट्टर होत गेले तेही त्याच संगतीत. म्हणूनच गुन्हेशास्त्र माणसाच्या धर्मापेक्षा किंवा गावापेक्षा त्याची ऊठबस पाहतं. एकाच्या गुन्ह्यासाठी गेवराईकडे बोट दाखवणं सोपं, पण त्याने तपास पुढे सरकत नाही.

असा माणूस लपतो, कारण तो चारचौघांसारखा असतो, चारचौघांसारखंच बोलतो. तपास यंत्रणांचं म्हणणं खरं धरलं, तर त्याच बोलण्याने त्याचा घात केला.