उणे ३० अंशांत शिकताना

दरवर्षी उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रे येतात, शिष्यवृत्तीच्या याद्या लागतात आणि ऑगस्टमध्ये आपल्या वस्त्यांमधली काही मुले-मुली विमानात बसतात. स्टेशनवर, विमानतळावर निरोप द्यायला सगळे नातेवाईक जमतात. बॅगेत लोणचे, मेतकूट, तिखट, पुस्तके आणि एक जाड स्वेटर असतो. तो स्वेटर पाहून आम्हाला काळजी वाटते. म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातून शिष्यवृत्तीवर कॅनडातील एडमंटन शहरात, अल्बर्टा विद्यापीठात शिकायला आलेले काही जण. आमची घरे उन्हाची. ४५ अंशांत कसे जगायचे, हे आम्हाला कुणी वर्गात शिकवले नाही. दुपारचे बाहेर पडू नये, डोक्याला दुपट्टा बांधावा, पन्हे प्यावे, हे आजीकडून आपोआप आले. थंडीचे ज्ञान असे घरातून मिळालेले नाही. ते मिळवावे लागते. थंडी धैर्याने सोसायची नसते, ती समजून घ्यायची असते. हे ज्याला लवकर कळते त्याचा अभ्यासही नीट होतो आणि तब्येतही.

शहर आणि विद्यापीठ

अल्बर्टा विद्यापीठ १९०८ मध्ये स्थापन झाले. नॉर्थ सस्कॅचवान नदीच्या दक्षिण काठावर त्याचा मुख्य परिसर आहे. नागपूर २१ अक्षांशावर, तर एडमंटन साडेत्रेपन्न. जानेवारीत इथले सरासरी तापमान उणे १० च्या आसपास असते. थंडीची लाट आली की उणे ३०. जानेवारी २०२४ मध्ये एडमंटन परिसरात पारा उणे ४० च्याही खाली गेला. त्या लाटेत, १३ जानेवारीच्या संध्याकाळी, वीज जपून वापरा असा तातडीचा इशारा सगळ्या प्रांतातल्या मोबाईलवर आला होता.

अशा थंडीतही तासिका चालू असतात. जानेवारी ते एप्रिल या सत्राचे नावच मुळी ‘विंटर टर्म’ आहे. पुष्कळ इमारती एकमेकींना झाकलेल्या मार्गांनी जोडलेल्या आहेत. त्यांना इथे पेडवे म्हणतात. ‘हब मॉल’ नावाची एक लांबच लांब इमारत आहे. खाली दुकाने, वर विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि मधल्या रस्त्यावर काचेचे छत. मेट्रोचे स्टेशनही परिसरातच आहे. गाड्या उभ्या करायच्या जागी विजेचे प्लग असतात, कारण रात्रभर इंजिन गरम ठेवले नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही. पहिल्या आठवड्यातच हे झाकलेले रस्ते पायाखाली घालावेत. डिसेंबरात त्यांचा उपयोग कळतो.

अंगावर काय घालावे

एक जाड स्वेटर कामाचा नाही. तीन थर लागतात. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा अडवणारा लांब कोट. दोन थरांमध्ये अडकलेली हवाच अंग गरम ठेवते. अंगाला लागून सुती बनियन घालू नये. सूत घाम शोषून ओले राहते आणि ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. बोटे वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र ठेवणारे मोजे जास्त गरम असतात. कान झाकणारी टोपी, जिला इथे ‘टूक’ म्हणतात, ती हवीच. बूट थोडे सैल घ्यावेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटे आधी गारठतात.

थर्मल आपल्याकडून नेले तरी चालतात. कोट आणि बूट मात्र इथेच घ्यावेत. नागपूरच्या बाजारातला कोट नागपूरच्या थंडीसाठी असतो. नवीन परवडत नसेल तर जुन्या कपड्यांची दुकाने, ज्यांना थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात, तिथे चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्यात लाज कसली? इथले विद्यार्थीही तिथूनच घेतात. खरेदी सप्टेंबरमध्ये उरकावी, बर्फ पडायची वाट पाहू नये.

बर्फाळ पदपथावर लहान पावले टाकत, पाऊल सपाट ठेवून, थोडे पुढे झुकून चालावे. हात खिशात ठेवू नयेत. घसरून मनगट मोडणे हा इथला नेहमीचा अपघात आहे.

कातडी बधिर झाली तर

हवामान खाते तापमानाबरोबर वाऱ्याचा हिशेब धरून दुसरा आकडा सांगते. त्याला ‘विंड चिल’ म्हणतात. घराबाहेर पडताना तोच पाहावा. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली गेला तर पाच ते दहा मिनिटे पुरतात. बस चुकली आणि हातमोजे खोलीवर राहिले, एवढेही कारण पुरेसे आहे.

नाक, कान, गाल आणि बोटे यांना पहिला धोका. आधी टोचल्यासारखे दुखते, मग दुखणे थांबते. दुखणे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नये. ती बधिरता आहे. गोऱ्या कातडीवर पांढरा डाग चटकन दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो फिकट, राखाडी, मेणासारखा दिसतो आणि नजरेतून सुटू शकतो. म्हणून रंगावर विसंबू नये, बोटाने चाचपून पाहावे.

अशा वेळी लगेच आत यावे. जागा चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. हीटरवर हात धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, तो भाग बुडवून ठेवावा. फोड आले किंवा संवेदना परतली नाही तर डॉक्टरांकडे जावे. कुणी थरथरत असेल, बोलणे अडखळत असेल, गोंधळल्यासारखे वागत असेल तर सगळ्या शरीराचेच तापमान उतरत आहे असे समजून ९११ ला फोन करावा. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. कातडी गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते.

घरात हीटरमुळे हवा कोरडी होते. ओठ फाटतात, नाकातून रक्त येते, हात उलतात. आंघोळीचे पाणी फार गरम नको, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे.

ऊन दिसते, पण लागत नाही

एडमंटनला हिवाळ्यातही आकाश पुष्कळदा निळे असते. बर्फावर ऊन असे चकाकते की डोळे दिपतात. पण त्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात बोस्टन आणि एडमंटन या दोन शहरांतल्या उन्हाची तुलना होती. बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातडीत हे जीवनसत्त्व तयार झाले नाही. एडमंटनमध्ये हा काळ ऑक्टोबर ते मार्च असा निघाला. म्हणजे जवळपास अर्धे वर्ष. सूर्य क्षितिजाजवळ असल्याने आवश्यक ते किरण हवेतच अडतात.

त्यात आपली कातडी सावळी. तिच्यातले रंगद्रव्य कडक उन्हापासून आपले रक्षण करते, पण त्यामुळेच ‘ड’ तयार व्हायला आपल्याला जास्त ऊन लागते. पाठ दुखणे, मांड्या भरून येणे, सतत थकवा, याला अभ्यासाचा ताण समजून सोडून देऊ नये. कॅनडाच्या आरोग्य खात्याची शिफारस प्रौढांना रोज ६०० युनिटची आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये असे ते सांगते. आपल्याकडे ६०,००० युनिटची गोळी किंवा पाकीट मिळते. ते घरून आणून मनाने घेत राहणे धोक्याचे आहे. निघण्यापूर्वी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना मात्रा विचारावी. इथल्या दुधात ‘ड’ मिसळणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे रोज दूध प्यावे. अंडी आणि सामन मासाही चांगला.

लवकर येणारा अंधार

२१ डिसेंबरला इथे सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. साडेसात तासांपेक्षाही लहान दिवस. नागपूरला तोच दिवस पावणेअकरा तासांचा तरी असतो. प्रयोगशाळेत सकाळी अंधारात जायचे आणि अंधारातच परतायचे, असे आठवडे जातात. झोप वाढते, गोड आणि भात खावासा वाटतो, अंथरुणातून उठवत नाही, माणसे नकोशी होतात. याला हिवाळी उदासी म्हणता येईल. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. हा आळस नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही.

उपाय साधे आहेत. दुपारी बाराच्या सुमारास वीस मिनिटे बाहेर चालावे. टेबल खिडकीजवळ ठेवावे. उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. १०,००० लक्सचा खास दिवा मिळतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर बसून वाचावे. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या आजारावर औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायामशाळेची फी शिक्षणशुल्काबरोबर आपण भरलेलीच असते, ती वापरावी. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणासोबत जेवावे.

हे शेवटचे आपल्या मुलांना अवघड जाते. भारतीयांच्या मेळाव्यात दुसऱ्याच मिनिटाला आडनाव आणि गाव विचारले जाते. त्या प्रश्नामागचा प्रश्न आपल्याला कळतो. मग काही जण जाणेच सोडतात आणि खोलीत एकटे राहतात. ६ डिसेंबरला मनात घर असते आणि बाहेर दुपारीच अंधारू लागते. त्या दिवशी एकटे राहू नये. दोघे असले तरी एकत्र बसावे. मैत्री मराठीतच व्हावी असेही नाही. प्रयोगशाळेतला घानाचा, इराणचा, कोलंबियाचा मित्रही तेवढाच सोबती असतो. त्यालाही ही थंडी नवीनच असते.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटले तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जावे. जिवाला धोका असल्याखेरीज तिथले बोलणे बाहेर जात नाही, गुणपत्रिकेशी त्याचा संबंध नसतो. मनात आत्महत्येचे विचार आले तर ९८८ हा क्रमांक कॅनडाभर दिवसरात्र चालू असतो.

पोटाला चिमटा नको

लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहून वाचत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुष्कळ मुले मनातल्या मनात तोच नियम स्वतःला लावतात. भत्त्यातून घरी पैसे पाठवतात आणि स्वतः ब्रेड व नूडल्सवर राहतात. पण बाबासाहेबांनी ते हाल सोसले, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे. उपाशी राहणे हे त्यांचे अनुकरण नव्हे.

डाळी, तांदूळ, पीठ आणि मसाले मिल वुड्स भागातल्या दुकानांत मिळतात. गोठवलेल्या भाज्या स्वस्त असतात आणि पौष्टिकही. रविवारी वरण, उसळ, अंडाकरी करून डबे भरून ठेवले की आठवडा निघतो. पैसे हातात यायला उशीर झाला तर विद्यापीठातच ‘कॅम्पस फूड बँक’ आहे. ती १९९१ मध्ये सुरू झाली, कॅनडातल्या विद्यापीठांमधली पहिली. तिथून धान्य घेणे म्हणजे भीक नव्हे; विद्यार्थ्यांसाठीच ती सोय आहे.

दवाखान्याचेही तसेच. बारा महिने किंवा जास्त मुदतीचा अभ्यास परवाना असेल तर प्रांताच्या आरोग्य योजनेत नाव घालता येते. तिला हप्ता नाही. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा. दात, चष्मा आणि रोजची औषधे तीत येत नाहीत. त्यासाठी विद्यार्थी संघटनेची वेगळी योजना असते. दात आणि डोळे घरूनच तपासून यावेत. डॉक्टरकडे जावे की नाही असा प्रश्न पडला तर ८११ वर परिचारिका चोवीस तास फोनवर असते.

आई-वडिलांना दोन शब्द

हिवाळ्यात भारत एडमंटनच्या साडेबारा तास पुढे असतो. तुमच्याकडे रात्रीचे आठ, तेव्हा इथे सकाळचे साडेसात आणि बाहेर अंधार. फोन करायला ही चांगली वेळ. तुमच्या आवाजाने मूल उठते. ‘जेवलास का’ हे विचाराच, पण पुढे ‘आज उजेडात गेलास का’, ‘कुणाशी बोललीस का’ हेही विचारा. ‘आमचे नाव काढ’ हे त्याला माहीत आहे, ते रोज सांगू नका. ‘पैसे पाठवू नकोस, आधी बूट घे’ असे एकदा म्हणा. ते ऐकल्याशिवाय मुले बूट घेत नाहीत.

१४ एप्रिललाही इथे कधी कधी बर्फ पडतो. पण तोवर दिवस जवळपास चौदा तासांचा झालेला असतो, आणि ज्याने हिवाळ्यात अंग आणि मन जपले त्याचा प्रबंधही पुढे सरकलेला असतो.